तिसरा रिमोट

१

आमच्याकडे सात वाजले की शटर वाजतं.

भिवंडीजवळच्या आमच्या वळ गावात आता शेतं कमी आणि गोदामं जास्त. आमच्याही भातशेतीवर दोन गोदामं उभी आहेत. त्यांच्या जोरावर हा बंगला झाला आणि बंगल्यामागून गॅरेज. गॅरेज बांधताना कुणी मला विचारलं नाही. ते थेट स्वयंपाकघराच्या भिंतीला चिकटवलं, त्यामुळे ओट्यावरच्या ज्या खिडकीतून मला शेवग्याचं झाड दिसायचं ती आता गॅरेजात उघडते. पहिले दोन महिने मी फुरंगटून बसले होते. मग सवय झाली, आणि खरं सांगायचं तर नंतर तीच खिडकी माझी लाडकी झाली.

कारण संध्याकाळी सातला शटर वर जायचं, आणि आमचे हे यायचे. गाडी इलेक्ट्रिक, तिचा आवाज म्हणून नाही. शटर घरघरायचं, मग खिडकीखालचा बाक करकरायचा. त्या बाकावर बसून बूट काढायची ह्यांची सवय. मी चहाचा कप जाळीबाहेरच्या फळीवर ठेवायची आणि परत कढईकडे वळायची. खिडकी उंच, गॅरेजात अंधार, बाक बरोबर तिच्या खाली. बसलेला माणूस दिसत नाही, पण बोललेलं सगळं ऐकतो. मी मासे तळत, भाकऱ्या थापत बोलत राहायची. खालून यायचं, “हं.”

लग्नाला एकवीस वर्षं झाली. पहिली वीस वर्षं मी बोलले की हे मोबाइल नाहीतर टीव्हीकडे बघायचे. गेल्या दिवाळीपासून मात्र हा अर्धा तास माझा झाला. लेक ऋतिका नाशिकला होस्टेलला, सासूबाई पुढच्या खोलीत मालिकेत बुडालेल्या, आणि माझं ऐकायला एक माणूस. आणखी काय पाहिजे बाईला? मी खरंच सुखात होते.

साडेसात-पावणेआठला शटर पुन्हा वाजायचं. हे नाक्यावर मित्रांत जात असणार. नऊला जेवायला परत.

२

सासूबाईंचे, म्हणजे गोदूबाईंचे, काही नियम आहेत. सून नवऱ्याचं नाव घेत नाही. दिवेलागणीला तर कुणालाच नावाने हाक मारायची नाही. आणि घरातून निघालेल्या माणसाला ‘कुठे’ म्हणून कधी विचारायचं नाही. विचारलंच, तर त्याने मागे फिरून आत यायचं, दोन मिनिटं बसायचं, घोटभर पाणी प्यायचं आणि मग निघायचं.

ऋतिका लहान असताना मुद्दाम करायची. हे चप्पल घालायला लागले की दारातून ओरडायची, “बाबा, कुठे?” बिचारे परत येऊन बसायचे. एकदा तर भिवंडी कोर्टाच्या तारखेला तीनदा बसवलं होतं तिने, आणि आई समोर असल्यामुळे ह्यांना रागावताही येईना.

मी बी.एड. झालेली बाई. ह्या सगळ्यावर मनात हसते, पण पाळते. न पाळून भांडण करण्यापेक्षा पाळणं सोपं. म्हणून त्या अर्ध्या तासात मी ह्यांना नावाने कधी हाक मारली नाही, “अवो” म्हटलं. आणि पावणेआठला शटर वाजलं की कुठे निघालात म्हणून कधी विचारलं नाही.

नोकरीचंही मी त्या खिडकीतच विचारलं होतं. अंजूरफाट्याजवळच्या एका शाळेत मराठीच्या बाईंची जागा निघाली होती. लग्नानंतर मी शिकवणं सोडलं, ते मला आतून कुरतडत होतं. ऋतिका गेल्यावर जास्तच. मी धीर करून म्हटलं, “अवो, मी परत शाळेत जाऊ का?”

खालून कप फळीवर टेकल्याचा आवाज झाला. मग आलं, “हं.”

मला रडूच आलं. तव्यावरची भाकरी करपली. दुसऱ्या दिवशी अर्ज भरला, मुलाखत झाली, निवड झाली. येत्या सोमवारी सकाळी साडेसातला हजर व्हायचं होतं.

३

त्या सोमवारच्या आधीच्या बुधवारी शटर बिघडलं. सात वाजता मोटर गुरगुरली, पण शटर इंचभरही हललं नाही. पुन्हा गुरगुरली. मी खिडकीतून ओरडले, “अवो, अडकलं का?” थोड्या वेळाने गुरगुर थांबली. मला वाटलं, वैतागून तसेच नाक्यावर गेले.

नऊला हे पुढच्या दाराने आले आणि म्हणाले, “शटर चालत नाहीये. गाडी अंगणात लावली.”

“सातलाही चाललं नाही ना,” मी म्हटलं.

“हं,” हे म्हणाले. नजर मोबाइलवर.

गुरुवारी सकाळी अंबाडीहून दर्शन आला. शटरच्या मोटरींचं काम करणारा, पस्तिशीतला, शांत माणूस. वाड्याकडच्या एका पाड्यावरचा, आयटीआय केलेला. त्याने आधी रिमोटचे सेल बघितले. मग करंट येतोय का ते बघितलं. मग शिडी लावून मोटरचं झाकण काढलं.

“ताई, कपॅसिटर फुगलाय. मोटर गुरगुरते पण उचलत न्हाय, ती याच्यामुळं. दिवसातून किती वेळा चालते?”

“चारदा,” मी म्हटलं. “सकाळी, सातला, पावणेआठला, नऊला.”

हे तेवढ्यात गाडीची किल्ली शोधत आले होते. “चारदा कसली? दोनदा. सकाळी जाताना, रात्री येताना.”

पुरुषांना घरातलं काही मोजता येत नाही. मी दर्शनकडे बघून हसले. तोही हसला. हे गेले.

दर्शनने शटरच्या पट्ट्यांवरून आतल्या बाजूने हात फिरवला. हाताला तांबडा चुरा लागला. “हे बघा. शटर गंजतं ते पावसाच्या बाजूनं, बाहेरून. तुमचं बाहेरून कोरं हाय आणि आतून खाल्लंय. मिठागराजवळच्या गोदामांना असला गंज बघतो मी.”

“बोअरचं पाणी खारट आहे आमचं. गाडी धुतात त्याने.”

“मग खालून गंजलं असतं. हे कमरेच्या वर हाय.”

मी बाकाकडे बघितलं. बाकाच्या मधोमध पांढरं वर्तुळ पडलं होतं, मीठ वाळल्यासारखं. चहाच्या कपात तसंच वर्तुळ मी रोज घासून काढत होते. त्यालाही मी बोअरच्या पाण्याला शिव्या घालायची.

दर्शनने रिसीव्हरच्या डबीतलं बटण दाबून धरलं. छोटा लाल दिवा तीनदा लुकलुकला. त्याने परत दाबलं. परत तीनदा.

“रिमोट किती हायत तुमच्याकडं?”

“दोन. एक ह्यांच्या किल्लीला, एक माझ्या ड्रॉवरमध्ये.”

“मशीन तीन दाखवतंय.”

“बसवून गेले त्यांच्याकडे राहिला असेल एखादा.”

“आसंल,” दर्शन म्हणाला. त्याने झाकण लावलं आणि हाताने शटर कसं उचलायचं ते दाखवलं. आत एक साखळी लोंबते, ती ओढायची. कपॅसिटर शनिवारी घेऊन येतो, म्हणाला. निघताना त्याने बाकाकडे एकदा बघितलं आणि बाकाला वळसा घालून गेला. मी ते पाहिलं, पण जागा अडचणीची आहे म्हणून सोडून दिलं.

४

त्या संध्याकाळी मी बोंबील धुवायला घेतले होते. थंडीचे दिवस, सातलाच अंधार. भिंतीवरच्या घड्याळात सात झाले आणि शटरवर बाहेरून थाप पडली. तळहाताची, सावकाश. एक. मग दुसरी.

मला हसू आलं. पुढचं दार उघडं असताना ह्यांना शटरातूनच यायचं होतं! माणसाची सवय म्हणजे माणसाची सवय. मी चहा गाळला, कप हातात घेतला, कपाळाला आठ्या घालत पण मनातून खूश होऊन गॅरेजात गेले. कप खाली ठेवला आणि साखळी ओढायला लागले. शटर जड. वीतभर उचललं गेलं आणि माझा मोबाइल वाजला.

ह्यांचा फोन.

“ऐक, मानकोलीला अडकलोय. नऊ तरी वाजतील.”

“काहीतरीच. बाहेर उभे राहून फोन कसला करताय?”

“बाहेर कुठे? पुलाखाली आहे. रोजचंच आहे हे, पण आज आईच्या गोळ्या आणायच्यात, मेडिकल बंद होईल म्हणून फोन केला. तू कुणाला तरी पाठव.”

मागे हॉर्न वाजत होते, ट्रकचे. माझ्या कानाला ते फोनमधून ऐकू येत होते. शटरबाहेर पूर्ण शांतता होती.

“रोजचंच म्हणजे?” मी विचारलं. “रोज सातला चहा नाही का पीत तुम्ही? इथे?”

“मी? दिवाळीपासून एक दिवस तरी नऊच्या आत आलोय का? चहा मी फाट्यावर पितो. बरं, गाडी हलली, ठेवतो.”

मी साखळी सोडली नव्हती. वीतभर फटीतून अंगणातल्या दिव्याचा उजेड येत होता. आणि त्या उजेडात, फटीतून, एक हात आत आला. तळवा वर, बोटं जरा वाकलेली, कप धरायला करतात तशी. फार वेळ पाण्यात राहिल्यावर बोटं सुरकुततात तशी ती पांढरी आणि सुरकुतलेली होती. नखांत राखाडी चिखल. हात घाईत नव्हता. तो वाट बघत होता.

मी ओरडायला हवं होतं. मी काय केलं ते सांगायची लाज वाटते. मी खाली वाकले आणि कप त्या हातात दिला. दोन महिने रोज देत होते, हाताला तेच ठाऊक होतं.

हात कप घेऊन गेला. मी साखळी सोडली, शटर धाडकन खाली आलं.

सकाळी कप शटरबाहेर उपडा ठेवलेला होता, आत पांढरं वर्तुळ.

५

शुक्रवारी दिवसभर मी स्वतःला समजावत राहिले. गोदामाचा एखादा वॉचमन असेल, थंडीने गारठलेला. तिसरा रिमोट त्याच्या हाती लागला असेल. रोज येऊन फुकट चहा पीत असेल. मला राग यायला हवा होता, पोलिसांत जायला हवं होतं. पण वॉचमन माझं बोलणं कशाला ऐकेल? आणि तेही न कंटाळता?

सासूबाईंना जेवण वाढताना विचारलं, “आई, सातला कोण येतं हो आपल्याकडे?”

“सातला? कोनी न्हाय. मितेश येतो नऊला.” त्यांनी भाताला कालवण लावलं. “पन तू कोनाशी बोलतंस गो तेव्हा? मला वाटला पोरीशी फोनवर बोलतंस. मी म्हटला, बोलू दे. दोन महिनं झाला, तुझा तोंड कसा उजळलाय.”

मी त्यांच्या ताटात आणखी भात वाढला. ते खरं होतं. मी आरशात बघितलं होतं.

मी विचार करत बसले की दोन महिन्यांत त्या खिडकीतून मी काय काय सांगितलं. पहिलं बाळ पोटातच गेलं तेव्हा मी रडले नाही कारण घरात पाहुणे होते, ते सांगितलं. ऋतिकाची मला कधी कधी असूया वाटते, ते सांगितलं. माझ्या आईच्या शेवटच्या दिवसांत मी अंबाडीला माहेरी जायला उशीर केला, तेही. ज्या माणसाला हे सगळं माहीत आहे असं धरून मी रोज त्याच्या ताटात भाकरी वाढत होते, त्याला त्यातलं अक्षरही माहीत नव्हतं.

म्हणून सातला मी सासूबाईंच्या मालिकेपाशी जाऊन बसले, आणि रात्री जेवताना ठरवून बोलले. “सोमवारपासून मी शाळेत शिकवायला जाणार आहे. अंजूरफाट्याला. साडेसातला हजर व्हायचंय.”

हे मोबाइलवर कुणाच्या तरी हळदीचा व्हिडिओ बघत होते. “हं,” म्हणाले. “बोंबील संपले का?”

दोन्ही ‘हं’ मी आता ओळखायला लागले होते. एक रिकामा होता. आणि देवाशपथ सांगते, तो माझ्या नवऱ्याचा होता.

६

शनिवारी दर्शनने कपॅसिटर बदलला. शटर लोण्यासारखं वर गेलं, खाली आलं. मग तो म्हणाला, “मेमरी कोरी करून टाकू का, ताई? सगळे जुने रिमोट उडतील. हे दोन परत शिकवतो. तिसरा कोनाकडं असंल, तो मग चालणार न्हाय.”

हे त्याच्या शेजारीच उभे होते. “करा, करा. कुणाच्याही हातात नको.”

दर्शनने बटण दहा सेकंद दाबून धरलं. मग आमचे दोन्ही रिमोट शिकवले. लाल दिवा दोनदा लुकलुकला. मला सुटल्यासारखं वाटलं. जेमतेम तासभर वाटलं.

संध्याकाळी हे गोदामावर गेले. सात वाजले. शटर वाजलं नाही. मी ओट्याशी उभी होते, कढई रिकामी. पाच मिनिटांनी शटरवर थाप पडली. एक. मग दुसरी. 

मी खिडकीपाशी तोंड नेलं. दिवेलागण झाली होती, तरी मी नाव घेतलं. लग्नानंतर पहिल्यांदा त्या घरात मोठ्याने घेतलं. “मितेश?”

थाप पडली नाही. हुंकारही नाही. तेवढ्यावरून माझं उत्तर मला मिळालं होतं, बाहेर हे नव्हते. आता फक्त गप्प राहायचं होतं, आणि ते निघून गेलं असतं.

पण मी त्याला बाहेर उभं असलेलं बघत होते, मनाने. माणूस असो की नसो, दोन महिने माझं ऐकून दमलेलं, दारात ताटकळलेलं. चोर असता तर काही नेलं असतं. त्याने चहाशिवाय काही नेलं नव्हतं. आणि मी? माझं मन भरून आलं होतं आणि ऐकायला घरात कुणी नव्हतं. मी ड्रॉवरमधून रिमोट काढला आणि बटण दाबलं.

शटर वर गेलं. बाक करकरला, तसं मी शटर खाली घेतलं.

“अवो,” मी म्हटलं. चहा टाकला. मी सोमवारचं सगळं सांगितलं. कोणती साडी नेसणार, पहिल्या तासाला कोणती कविता शिकवणार, दुपारी दोनला परत, संध्याकाळी मात्र कधी कधी मीटिंग असेल, तेव्हा सातला मी घरी नसेन.

ह्यावर खालून हुंकार आला नाही. मी दोनदा सांगितलं. नाहीच आला. फक्त कप रिकामा झाला, आणि पावणेआठला शटर वाजलं नाही.

७

सोमवारी मी साडेपाचला उठले. मोरपंखी साडी नेसले, चहाबिस्किटं खाल्ली, सासूबाईंच्या पाया पडले. “शानी हायस,” त्या म्हणाल्या आणि माझ्या तळहातावर साखर ठेवली. ह्यांना शेवटी रविवारी रात्री कळलं. थोडी कुरकुर केली, आणि झोपायच्या आधी म्हणाले, “जा, पण आईचं बघून जा.” मला तेवढं पुरेसं होतं. सकाळी हे अजून झोपेत होते, रिमोट त्यांच्या उशाशी, किल्लीला.

माझा रिमोट मी पर्समध्ये टाकला आणि गॅरेजातून निघाले, कारण रिक्षा मागच्या रस्त्याला येणार होती. शटर वर केलं. बाहेर कोवळं ऊन पडलं होतं. गोदामांकडे जाणाऱ्या ट्रकची रांग लागली होती, कुणीतरी टपरीवर कांदेपोहे करत होतं. वीस वर्षांनी मी शाळेत निघाले होते. मला इतकं हलकं वाटत होतं की पावलं आपोआप पडत होती. एक पाय उंबऱ्याबाहेर पडला.

मागून, बाकाकडून, हळू आवाज आला. दोन महिन्यांत ‘हं’शिवाय पहिल्यांदाच.

“कुठं?”

मी थांबले. मागे वळून बघितलं नाही. रिक्षा कोपऱ्यावर वळताना दिसत होती. एवढ्या उजेडात माणूस सरळ चालत गेला तर कुणी काय करणार? बी.एड. झालेली बाई मी. पण एकवीस वर्षं पाळलेलं होतं, आणि नव्या कामाचा पहिलाच दिवस. विचारलं की निघू नये. परत यायचं, दोन मिनिटं बसायचं, मग जायचं. आजच मोडलं आणि शाळेत काही वेडंवाकडं झालं तर?

मी आत आले. बसायला तिथे एकच जागा होती. बाक ओला होता, साडीतून गार लागलं. माझ्या शेजारी बाक पुन्हा करकरला.

शटर खाली यायला लागलं. रिमोट माझ्या पर्समध्ये होता, पर्स मांडीवर, चेन लावलेली. ऊन आधी माझ्या गुडघ्यांपर्यंत आलं, मग पावलांपर्यंत, मग एक रेघ उरली. बाहेर रिक्षावाल्याने दोनदा हॉर्न दिला.

अंधारात मिठाचा वास येतो, बाकी काही त्रास नाही. वेळ जावा म्हणून मी हे सगळं अगदी पहिल्यापासून सांगत बसले आहे. ऐकणारा चांगला आहे, मधे मधे हुंकार देतो. माझ्यापुढे कप केलाय, त्यात पाणी आहे. घोटभर पिते आणि दोन मिनिटं झाली की निघते.